वारीत लॅपटॉपशिवाय फोटोंचा बॅकअप: टी7 शील्ड एसएसडी, कार्ड रीडर आणि फोन

मी माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालते आणि चालता चालता फोटो काढते. ही माझी हौस आहे, पण वारीहून आल्यावर फोटो छापून ज्याचे त्याला पोचवायचे हे काम मी मनापासून अंगावर घेतलेलं आहे. आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक माउली असतात. वय झालंय, तरी डोईवरची तुळस कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांचे यजमान गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात त्यांचा धड एक फोटो सापडेना. शेवटी मी वारीत काढलेल्या एका फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून दिला. तो फोटो माझ्याकडे नसता तर त्या घरात आज भिंत रिकामीच असती. तेव्हा बॅकअपवर मी एवढं लिहिते आहे ते यासाठी.

वारीत लॅपटॉप मी नेत नाही. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, गाद्या-पेट्या-भांड्यांच्या राशीत. रात्री राहुटीत आम्ही बायका अंगाला अंग लावून झोपतो. वर पाऊस, खाली चिखल. त्यात नाजूक आणि महागडं यंत्र सांभाळत बसायचं की चालायचं? माझा कॅमेरा निकॉन डी7500 आहे. काम चोख करतो, पण त्याला कार्डाचा स्लॉट एकच. आधीच्या डी7200 ला दोन होते, त्यामुळे एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवता यायचे. डी7500 मध्ये ती सोय नाही. म्हणजे मुक्कामावर पोचेपर्यंत दिवसभराचं सगळं एकाच कार्डावर असतं, आणि पोचल्यावर त्याची दुसरी प्रत करणं हे जेवणाइतकंच नेमाचं काम होऊन बसतं.

माझ्याकडे आता जी सोय आहे ती अशी: सॅमसंगची टी7 शील्ड एसएसडी, म्हणजे फोटो साठवायची छोटी बाहेरची डिस्क, 1 टीबीची. कॅमेऱ्याचं कार्ड फोनला जोडणारा टाइप-सीचा साधा कार्ड रीडर. आणि खिशातला अँड्रॉइड फोन. एवढंच. निकाल आधीच सांगून टाकते: पायी चालणाऱ्याला, ट्रेकला जाणाऱ्याला, एसटीने फिरणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. यूएसबी हब तर मुळीच लागत नाही, आणि त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण दुकानदार तो हमखास गळ्यात मारतात.

आधी डिस्क. टी7 शील्ड 2022 साली आली. वजन 98 ग्रॅम, जाडी 13 मिलिमीटर, तळहातात मावते. बाहेरून रबरासारखं खाचा-खाचांचं आवरण आहे, त्यामुळे ओल्या हातातूनही सटकत नाही. कंपनी तीन मीटर उंचीवरून पडली तरी चालेल म्हणते. आत फिरणारी चकती नसल्यामुळे धक्क्याची भीती तशीही कमी. धूळ-पाण्यापासून संरक्षण आयपी65 दर्जाचं आहे. यातला 6 हा आकडा धुळीसाठी, म्हणजे धूळ आत शिरत नाही. 5 पाण्यासाठी, म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालतं. पण पाण्यात बुडली तर चालेल असं हा दर्जा सांगत नाही, हे नीट लक्षात ठेवा. नीरा स्नानाच्या दिवशी माझी डिस्क झिप लावलेल्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी, आणि मग सॅकच्या आत असते. आणि तोंडाशी ओल असताना तार कधीही जोडत नाही. आधी पदराने पुसायची, थोडा वेळ मोकळी ठेवायची, मगच जोडायची.

याच घराण्यातली साधी टी7 आणखी हलकी आहे, 58 ग्रॅमची, आणि अंगाने धातूची. शहरातल्या माणसाला ती पुरेशी आहे. वारीत, घाटात, समुद्रावर जाणाऱ्याने मात्र चाळीस ग्रॅम जास्त उचलावेत आणि शील्डच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. वाल्ह्याच्या आसपास वारा सुटला की जी धूळ उडते ती कुठे कुठे शिरते ते चालणाऱ्याला विचारा.

खोक्यावर वेग मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो: सेकंदाला 1050 एमबीपर्यंत. हा आकडा खरा आहे, पण तुमच्या-माझ्या फोनवर तो दिसायचा नाही. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनचं टाइप-सी तोंड आतून यूएसबी 2.0 चंच असतं. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी (आठ मेगाबिटांचा एक एमबी), आणि प्रत्यक्षात हाती 35 ते 40 एमबी पडतात. महागड्या फोनना यूएसबी 3 असतं. आयफोनमध्येही हाच भेद आहे: आयफोन 15 ला यूएसबी 2 चा वेग, 15 प्रोला यूएसबी 3 चा. कार्डाचीही मर्यादा आहेच. डी7500 ज्या यूएचएस-1 जातीचं कार्ड वापरतो त्याची वरची हद्द सेकंदाला 104 एमबी. म्हणजे डिस्क कितीही पळणारी असली तरी तिच्या आधी दोन ठिकाणी वाट अरुंद आहे. म्हणून वेग बघून जास्त पैसे मोजू नका. मजबुती बघा.

आता हबचं. हब म्हणजे ती छोटी पट्टी, जिला एकाच वेळी कार्ड रीडर, डिस्क आणि पॉवर बँक जोडता येते. ऐकायला सोयीचं वाटतं: कार्डावरून थेट डिस्कवर कॉपी. मी एका नाव नसलेल्या कंपनीचा हब घेतला होता. सासवडच्या मुक्कामी कॉपी चालू होती. शेजारच्या ताईंना फोन चार्ज करायला पॉवर बँक हवी होती, म्हणून हबमधली तार काढली. तार काढल्या क्षणी फोनवर कॉपी थांबली आणि डिस्क आणि कार्ड दोन्ही दिसेनाशी झाली. फोटो कार्डावर शाबूत होते, नुकसान काही झालं नाही. पण त्या रात्री एका फोल्डरमधल्या फाइली अर्ध्याच उतरल्या होत्या आणि सगळं पुन्हा करावं लागलं. नंतर समजलं की असं अनेक हबमध्ये होतं. बाहेरून वीज मिळायला लागली किंवा बंद झाली की फोन आणि हब विजेची देवघेव नव्याने ठरवतात, आणि त्या क्षणभरात डेटाची जोडणी तुटते. ज्यांना हब वापरायचाच आहे त्यांनी पॉवर बँक आधी जोडावी आणि कॉपी संपून डिस्क इजेक्ट होईपर्यंत तिला हात लावू नये.

पण हब नकोच, असं मी म्हणते ते हिशोबावरून. माझे फोटो रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, मोठी फाइल) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्हीत असतात. एक रॉ साधारण 25 एमबी, एक जेपेग 10. दिवसाला साडेपाचशे-सहाशे फोटो म्हणजे 20 जीबी. यूएसबी 2.0 च्या फोनवर हब लावला तर कार्डातून वाचणं आणि डिस्कवर लिहिणं दोन्ही एकाच वाटेवरून, आळीपाळीने होतं. वेग अर्ध्यावर येतो आणि 20 जीबीला वीस मिनिटं लागतात. हब न लावता आधी कार्ड फोनला जोडून सगळं फोनच्या मेमरीत घेतलं तर दहा मिनिटं. मग कार्ड रीडर काढून डिस्क जोडली आणि फोनमधून तिच्यावर उतरवलं, आणखी दहा मिनिटं. बेरीज तीच! वर हब नको, पॉवर बँक नको, एक तार कमी, आणि फोनमध्ये आपोआप एक तिसरी प्रत राहते. एवढी सरळ गोष्ट कुठल्या दुकानात सांगत नाहीत. अट एकच, फोनमध्ये 20-25 जीबी जागा मोकळी हवी. मी वारीला निघण्याआधी फोनमधले व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ झाडून काढते, जागा आपोआप होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आदल्या दिवसाचा फोल्डर फोनमधून काढायचा आणि नवा घ्यायचा.

कॉपी करायला मी वेगळं अ‍ॅप घेतलेलं नाही. फोनबरोबर आलेलं फाइल मॅनेजर चालतं, नाहीतर गूगलचं फाइल्स अ‍ॅप फुकट आहे. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. कॉपी निवडायचं, मूव्ह कधीच नाही. मूव्ह करताना तार हलली तर कुठली फाइल कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. आणि प्रत्येक मुक्कामाचा फोल्डर वेगळा करायचा. माझ्या डिस्कवर सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असे ओळीने फोल्डर आहेत, आणि पुढे तारीख. यात हौसेचा भाग थोडाच आहे. कॅमेऱ्याचा फाइल नंबर 9999 वर पोचला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतत गेलात तर एखाद्या दिवशी जुन्या आणि नव्या फाइलचं नाव एकच निघतं, फोन विचारतो ‘रिप्लेस करू का?’, आणि दमलेला माणूस झोपेत हो म्हणतो. वेगळ्या फोल्डरमध्ये ही वेळच येत नाही.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. ‘पूर्ण झाले’ असं फोन सांगतो ते त्याच्या बाजूने. मी कार्डावरच्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार बघते, मग डिस्कवरच्या फोल्डरचा बघते. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. मग डिस्कवरचे पहिले, शेवटचे आणि मधले चार-पाच फोटो उघडून मोठे करून पाहते. चेहऱ्याच्या खाली करडा पट्टा आला किंवा फोटो अर्ध्यावर कापलेला दिसला तर ती फाइल नीट उतरलेली नाही. यात पाच मिनिटं जातात. ही पाच मिनिटं कितीही पाय दुखत असले तरी द्यायचीच.

डिस्क काढताना नोटिफिकेशनमध्ये जाऊन इजेक्ट दाबायचं, मगच तार ओढायची. टी7 शील्ड कंपनीतून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येते. ही पद्धत विंडोज, मॅक, आयफोन आणि आजकालचे बहुतेक अँड्रॉइड फोन ओळखतात, म्हणून प्रवासाला तीच बरी. पण तिच्यात लिहिण्याची आगाऊ नोंद ठेवायची सोय नसते, त्यामुळे मध्येच तार निघाली तर फाइलींची यादीच बिघडू शकते. तुमचा फोन एक्सफॅट ओळखतो का, ते घरीच तपासून निघा. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली जुनी डिस्क असेल तर पुष्कळ फोन तिच्यावर लिहीत नाहीत. आणि फॅट32 या जुन्या पद्धतीने केलीत तर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही, रिंगणाचा लांब व्हिडिओ तिथेच अडकतो.

आता ठेवायचं कुठे. माझ्या मते सगळ्या यंत्रांपेक्षा याचं महत्त्व जास्त आहे. कार्ड आणि डिस्क एकाच सॅकमध्ये असतील तर सॅक गेली की दोन्ही गेलं. वारीत माणसं देवासारखी भेटतात, पण लाखोंच्या गर्दीत खिसेकापूही येतात, आणि पावसात सामान इकडचं तिकडे होतं. मी भरलेली कार्डं चंचीत घालून कमरेला बांधते, पानसुपारीची असते तशी कापडी, दोन खणांची. एका खणात भरलेली, दुसऱ्यात कोरी. डिस्क दिंडीच्या ट्रकमध्ये, माझ्या पत्र्याच्या पेटीत, कुलपात. ट्रकवरच्या मामांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, “मामा, ही पेटी माझ्याशिवाय कुणाला देऊ नका बरं.” मामा म्हणतात, “ताई, माउलींच्या पादुकांसारखी सांभाळतो.” आणि सांभाळतात. फोन गळ्यात. अशा तीन प्रती तीन ठिकाणी, आणि दोन माझ्या अंगावर असल्या तरी तिसरी चार किलोमीटर पुढे ट्रकमध्ये.

आणि कार्ड वारी संपेपर्यंत फॉरमॅट करायचं नाही. 64 जीबीच्या एका कार्डावर माझे तीन दिवसांचे फोटो बसतात. अशी सहा-सात कार्डं घेतली की सगळी वारी निभावते. चांगल्या कंपनीची साधी कार्डं आता परवडतात. त्यावर पैसे घालायला मी मागेपुढे पाहत नाही. भरलं की कार्डाच्या कडेचं ते छोटं लॉकचं बटण खाली सरकवायचं. मग कॅमेरा त्यावर लिहीतच नाही, चुकून पुन्हा घातलं तरी.

या लॉकचा आणखी एक उपयोग. गावोगावच्या फोटो स्टुडिओत कार्ड दिलं की ते कॉम्प्युटरवर घेऊन पेन ड्राइव्हवर करून देतात. पूर्वी मीही करून घेत असे. एका तालुक्याच्या गावी असंच पेन ड्राइव्ह करून घेतलं, घरी येऊन लावलं तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. तो शॉर्टकट व्हायरस होता. फाइली आत लपवलेल्या होत्या, काढता आल्या, पण घरचा कॉम्प्युटर साफ करण्यात दोन संध्याकाळी गेल्या. स्टुडिओवाल्याचा राग नाही, दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह त्याच्या मशीनला लागतात. पण आता माझं कार्ड मी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावत नाही. नाइलाजाने लावायचंच झालं तर लॉक करून.

क्लाउडबद्दल, म्हणजे इंटरनेटवर फोटो साठवण्याबद्दल, लोक हटकून विचारतात. गूगल फोटोजमधली फुकट अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद झाली. आता 15 जीबी मिळतात, त्यात ईमेल आणि ड्राइव्हही आलं. जागा विकत घेता येते, पण अडचण जागेची नाहीच. ज्या गावात एरवी हजार-दोन हजार माणसं राहतात तिथे पालखीच्या रात्री लाखो फोन एका टॉवरकडे तोंड करून असतात. घरी ‘पोचले’ एवढा निरोप जायला वेळ लागतो. समजा सेकंदाला 5 मेगाबिटचा अपलोड मिळालाच, तरी 20 जीबी चढायला नऊ तास लागतील. म्हणून मी क्लाउडवर सगळं चढवत नाही. फोनमध्ये आलेल्या जेपेगमधले वीस-तीस निवडते, ज्यात चेहरे आहेत असे, आणि पहाटे तीनच्या सुमारास, सगळे फोन झोपलेले असताना, ते चढवते. फलटणसारख्या मोठ्या गावात हे जमतं. निकॉनचं स्नॅपब्रिज अ‍ॅप कॅमेऱ्यातून फोनवर फोटो आपोआप पाठवतं, पण ते 2 मेगापिक्सेलचे. घरच्यांना दाखवायला छान, बॅकअप म्हणून धरू नका.

लॅपटॉपशिवाय बॅकअपसाठी खास यंत्रंही निघाली. डब्ल्यूडीची माय पासपोर्ट वायरलेस प्रो 2016 ची: अंगातच कार्डाचा स्लॉट, बॅटरी आणि वाय-फाय. कार्ड घातलं की फोनशिवाय कॉपी. लासीची रग्ड बॉस एसएसडी 2019 ची, तिला कॉपी किती झाली ते दाखवणारा छोटा पडदाही आहे. कल्पना उत्तम. पहिलीच्या आत मात्र फिरणारी हार्ड डिस्क आहे, आणि ट्रकच्या हादऱ्यांत ती मी पाठवणार नाही. दुसरी एसएसडी असली तरी महाग. दोन्हींना स्वतःची बॅटरी असल्यामुळे आणखी एक वस्तू रोज चार्ज करायची, आणि वारीत चार्जिंगचं एक भोक मिळवायला एका बोर्डाभोवती वीस जण उभे असतात. टी7 शील्डला बॅटरीच नाही. ती फोनच्या विजेवर चालते, आणि फोन तर चार्ज करायचाच असतो.

पासवर्डची सोय टी7 शील्डमध्ये आहे, आतला डेटा 256 बिटच्या सांकेतिक कुलपात राहतो. मी ती वापरत नाही. पासवर्ड लावला की अँड्रॉइडवर सॅमसंगचं वेगळं अ‍ॅप घेऊन आधी डिस्क उघडावी लागते, आणि माझ्या फोटोंत गुप्त असं काही नाही. उलट डिस्क कुणाला सापडलीच तर त्याने ती फोनला लावावी, वर ‘ही डिस्क माझी’ नावाचा एक फोटो दिसावा, त्यात माझा नंबर दिसावा, असं मी केलंय. तोच नंबर डिस्कच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून वर पारदर्शक टेप लावली आहे. लग्नाचे किंवा कुणाच्या घरातले फोटो असतील तर मात्र पासवर्ड जरूर लावा.

आयफोनवाल्यांसाठी: आयओएस 13 पासून फाइल्स अ‍ॅप बाहेरची डिस्क उघडतं. आयफोन 15 आणि पुढच्यांना टाइप-सी असल्यामुळे डिस्कबरोबर आलेली तार थेट चालते. आमच्या दिंडीत एक पुण्याचा मुलगा आयफोन 15 वर हीच दोन टप्प्यांची पद्धत वापरतो, काही अडत नाही. फक्त त्याला कार्डावरचे फोटो फोटोज अ‍ॅपमध्ये न घेता फाइल्समधल्या फोल्डरमध्ये घ्यायला सांगितलंय, म्हणजे फाइलींची मूळ नावं तशीच राहतात.

1 टीबी घ्यावी की 2? फोटोच काढत असाल तर 1 टीबी भरपूर झाली. दिवसाला 20 जीबी धरले तरी पन्नास दिवस पुरते. व्हिडिओ करणाऱ्यांनी 2 टीबीचा विचार करावा. ऑनलाइन किमती सारख्या खाली-वर होतात, त्यामुळे जूनच्या तोंडावर घाई करू नका, दिवाळीच्या सेलमध्ये बघून ठेवा. घेतल्यावर लगेच घरी जुने फोटो चढवून-उतरवून पाहा, तुमच्याच फोनवर, तुमच्याच रीडरने. काही बिनसलं तर परत करायची मुदत हातात असताना कळलेलं बरं.